‘इंग्लिश तबकड्या रद्दीत घाला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘घरातल्या जुन्या तबकड्या म्हणजे सोनं’ अशी त्याची सुरुवात. मला तो आतेभावाकडून आला, मग शेजारच्या वहिनींकडून, मग आणखी दोन-तीन ठिकाणांहून. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. तबकडीत आवाज अखंड असतो, सीडी-मोबाइलमध्ये त्याचे तुकडे होतात. माळ्यावरचा चावीचा ग्रामोफोन काढा, त्यावर सगळ्या तबकड्या वाजतात. बुरशी आली असेल तर स्पिरिटने पुसा. जितकी जुनी तितकी किंमत जास्त. आणि शेवटी, ‘इंग्लिश जॅझ वगैरे असेल तर रद्दीत घाला, तो नियम नसलेला गोंगाट आहे, आपला त्याच्याशी काही संबंध नाही.’

मी बेळगावात राहतो आणि जॅझच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या संगीताच्या, तबकड्या जमवतो. तबकड्या जपा असं कुणी सांगितलं तर मला आनंदच आहे. पण या पाचांतली एकही गोष्ट लिहिली आहे तशी खरी नाही, आणि दोन तर अशा आहेत की त्या ऐकून माणूस हातातली चांगली तबकडी कायमची घालवून बसेल. म्हणून आधी त्या दोन घेतो.

स्पिरिट. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करतो ते याच गुणावर. वडगावातल्या एका घरी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी अशी पुसलेली मी पाहिली. कापड फिरलं तेवढ्या पट्ट्यातली काळी चकाकी गेली होती, तिथे राखाडी, खरबरीत डाग राहिला होता, आणि सुई त्या पट्ट्यात आली की खाँसाहेबांचा आवाज बुडून नुसती खरखर ऐकू यायची. खाच विरघळली म्हणजे गाणंच विरघळलं, ते परत येत नाही. लाखेच्या तबकडीला ओलसर मऊ फडकं पुरतं. प्लॅस्टिकच्या एलपीला, म्हणजे नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीला, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालावेत, खाचेच्या दिशेने गोल पुसावं, मधलं लेबल भिजू देऊ नये आणि उभी करून वाळवावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात. तबकड्या भिंतीला टेकून ठेवू नयेत, एकावर एक रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात. बुरशी बहुतेक वेळा कव्हरच्या पुठ्ठ्यातून आत येते, म्हणून पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी कव्हरं उघडून बघावीत.

चावीचा ग्रामोफोन लाखेच्या तबकडीसाठी केलेला आहे. त्याच्या आवाजपेटीचं, म्हणजे सुई धरणाऱ्या डोक्याचं, वजन शंभर ग्रॅमच्या पुढे जातं, सुई लोखंडाची. आजच्या टर्नटेबलची सुई दीड-दोन ग्रॅमने टेकते. एलपीची खाच लाखेच्या तबकडीच्या खाचेच्या साधारण एकतृतीयांश रुंदीची. तिच्यात ती लोखंडी सुई घातली की पहिल्याच फेऱ्यात नांगर फिरतो. एका वाजवण्यात एलपी संपते. पितळी कर्ण्याचे नवे ‘अँटिक’ ग्रामोफोन सध्या शोभेसाठी विकले जातात, त्यांच्यावर तर काहीच वाजवू नये.

आता ‘अखंड आवाज’. हे वाक्य इतकं लोकप्रिय आहे की तबकडीवर जीव असलेली माणसंही ते म्हणतात, म्हणून इथे जरा थांबतो. सीडीवर आवाजाचं मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलं जातं, हे खरं. पण त्यातून परत बाहेर येतो तो पायऱ्या-पायऱ्यांचा आवाज नसतो. साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतची लहर त्या मोजमापांतून सलग परत उभी राहते. हे गणित अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडून ठेवलंय. तरुण कानाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि माझ्या वयाच्या कानाला त्याहून बरंच कमी.

उलट काटछाट तबकडीतही आहेच. खर्जाचे सूर खाचेत फार जागा खातात, म्हणून तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि तारसप्तकाकडचा आवाज वाढवतात. ॲम्प्लिफायरच्या आधी जोडलेलं छोटं यंत्र, फोनो प्रीॲम्प, ते पुन्हा जागेवर आणतं. किती कमी-जास्त करायचं याचं प्रमाण १९५४च्या सुमारास ठरलं. शिवाय तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर सरकते, लेबलाजवळ येईपर्यंत तो वेग निम्म्याहून खाली जातो. त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात ट्रम्पेट, झांजा चिरकतात. हे चांगल्या यंत्रावरही थोडंफार ऐकू येतं.

मूळ तबकडीत जे आहे तेच अस्सल, असंही नाही. अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ची, जॅझमधली सर्वांत गाजलेली एलपी. तिची पहिली बाजू ज्या दिवशी ध्वनिमुद्रित झाली त्या दिवशी टेपयंत्र किंचित हळू चाललं होतं, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर तबकडीवर ती बाजू प्रत्यक्षापेक्षा थोडी चढ्या सुरात वाजते. तीसेक वर्षं जग तीच ऐकत होतं. १९९०च्या दशकात सीडी काढताना बरोबर वेगाने चाललेल्या दुसऱ्या यंत्राची टेप वापरून ते दुरुस्त झालं. आणि २०२२मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एलपींबद्दल कळलं की कित्येक वर्षं त्या तयार होताना मधे डिजिटल टप्पा होता. त्याआधी याच तबकड्या ‘शुद्ध’ म्हणून वाखाणल्या जात होत्या, आणि नुसत्या कानाने तो टप्पा जवळजवळ कुणी पकडला नव्हता.

मग मी तबकडी का लावतो? कारण एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असते आणि ती मला खुर्चीत बसवते. कारण कव्हरच्या मागे कोण काय वाजवतंय हे छापलेलं असतं. ते वाचत ऐकता ऐकता मला पॉल चेंबर्सचा बास, म्हणजे जाड तारांचं खर्जातलं वाद्य, ओळखू यायला लागला. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्याच गाण्यात तो बास प्रश्न विचारल्यासारखा एक ओळ वाजवतो आणि पियानो दोन सुरांत उत्तर देतो. मोबाइलवर मी तेच गाणं आधी कितीदा तरी ऐकलं होतं, पण वाजवणाऱ्याचं नाव मला माहीत नव्हतं. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे, त्याला विज्ञानाचा खोटा आधार कशाला हवा?

आता तो पाचवा मुद्दा, ज्याने मला खरोखर त्रास झाला. बेळगावच्या कॅम्प भागातलं एक जुनं घर विकलं गेलं तेव्हा तिथलं सामान भंगाराच्या हातगाडीवर होतं. गाडीवाल्याने तबकड्या कव्हरातून बाहेर काढून वेगळ्या रचल्या होत्या, कारण पुठ्ठा किलोवर जातो. ‘घ्या की ओ काका,’ तो म्हणाला, ‘इंग्लिश हाईत, कोण विचारत न्हाई.’ त्यात जॅझचा मोठा संगीतकार ड्यूक एलिंग्टनची एलपी होती, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेली, उघडी, उन्हात. कव्हरं आधीच बांधून गेली होती.

‘आपला संबंध नाही’ हे कुठल्या हिशेबाने? जॅझचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या १९२०च्या दशकातल्या तबकड्या ज्या लाखेच्या, ती लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जायची. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. त्या मुंबईत जॅझ उचलला तो चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्याच्या पोरांनी. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराबरोबर काम करत होते. १९५१च्या ‘अलबेला’तल्या ज्या गाण्यांवर आपली लग्नं-वराती नाचल्या, त्यांत त्यांचा हात आहे. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्याकडे वाद्यरचना करायचे. हिंदी गाणी ठेवा आणि जॅझ फेका म्हणणाऱ्याने ती गाणी वाजवली कुणी, हे एकदा बघावं. एलिंग्टन स्वतः १९६३मध्ये आपला वाद्यवृंद घेऊन भारतात आला होता. जॅझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं.

आणि ‘नियम नसलेला गोंगाट’? ब्लूज या जॅझच्या मुळाशी असलेल्या गाण्याचं चक्र बारा बारचं, म्हणजे ठरावीक मात्रांच्या बारा विभागांचं, असतं, अनेक गाण्यांचं बत्तीस. एक चक्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सॅक्सोफोनवाला कितीही लांब गेला तरी खाली बास आणि ड्रम ते चक्र मोजत असतात आणि त्याला तिथेच परत यावं लागतं. शेवटी सगळे मूळ धुनेवर येतात. आवर्तन धरून समेवर येणारं गाणं कानावर असलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागू नये, आणि आपला पट्टा तर सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा, मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा. फरक आहे, आणि तो मोठा आहे: आपला षड्ज हलत नाही, जॅझमध्ये खालची स्वरसंगती, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सतत बदलते आणि वाजवणाऱ्याला तिच्यावरून वाट काढावी लागते. सुरुवातीला कानाला त्रास होतो तो इथेच. दोघांवर बंधनही एकच आलं होतं. दहा इंची लाखेच्या तबकडीवर तीन मिनिटं मावायची. खाँसाहेबांनी त्यात राग बसवला, आर्मस्ट्राँगने त्यात अख्खा बँड आणि स्वतःचं वादन बसवलं. १९४८ला अमेरिकेत एलपी आली, पुढे ती आपल्याकडेही पोचली, तेव्हा दोन्हीकडच्या कलाकारांना प्रथमच तबकडीवर श्वास घ्यायला जागा मिळाली. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि आर्मस्ट्राँगचं ‘मेलन्कली ब्लूज’ही आहे. निवडणाऱ्यांना दोन्ही एका तबकडीवर ठेवावीशी वाटली.

किमतीचं थोडक्यात सांगतो. जुनेपणाला भाव नसतो. भाव असतो तो कुठल्या छपाईची आहे, किती प्रती उरल्यात आणि अवस्था कशी आहे याला. लाखो प्रती खपलेली सिनेमाची तबकडी साठ वर्षं जुनी असली तरी स्वस्तच राहते. विकत घेताना तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरावी. काळी, एकसारखी चमकली तर ठीक, राखाडी झाक दिसली तर खाच झिजली आहे. मधल्या भोकाभोवती लेबलावर बारीक रेघांचं जाळं असेल तर ती खूप वेळा वाजली आहे. कव्हर वेगळं पडलं असेल तर तेही मागून घ्यावं, पुठ्ठ्याच्या भावात मिळतं.