रिकाम्या पुंगळ्या भरण्याविषयीचा खुलासा

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील शस्त्रपरवानाधारकांमध्ये सध्या असा संदेश फिरत आहे की, रिव्हॉल्व्हरच्या वापरलेल्या पुंगळ्या (गोळी उडाल्यावर उरणारी काडतुसाची रिकामी आवरणे) घरीच पुन्हा भरता येतात आणि त्यासाठी बंदुकीची कोणतीही दारू एकाच मापाने चालते. हे म्हणणे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे.

सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू आकारमानाने मोजण्याची रीत ठासणीच्या बंदुकीपासून आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच असावे. परंतु १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी तयार केलेली, नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली धूरविरहित दारू तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक दाब निर्माण करते. रिव्हॉल्व्हरसाठीची अशी दारू पुंगळीचा थोडाच भाग व्यापते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी डोळ्यांना कळत नाही. रिव्हॉल्व्हरचे काडतुसे बसविण्याचे फिरते चक्र फुटून बोटे गमावण्यास तेवढे पुरते. रायफलची मंद जळणारी आणि रिव्हॉल्व्हरची जलद जळणारी दारूही एकमेकींच्या जागी वापरता येत नाही. फटाक्यातील दारूचा तर विचारही करू नये.

दुसरी बाब कायद्याची. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनविण्याचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. परवानाधारकाने काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नमूद संख्येच्या मर्यादेत घ्यावीत.