निकाराग्वाचा तो फॉरवर्ड आणि त्यातून गायब झालेला अर्धा देश

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वावर "निकाराग्वा : एक अजब देश" असा एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की मनाग्वा ही स्पॅनिश काळापासूनची राजधानी, सगळा देश एकाच साच्यातला स्पॅनिश बोलणारा, मनाग्वात पत्ते नसतातच, देशातल्या निकाराग्वा तलावात जगात दुसरीकडे कुठेच नाहीत असे गोड्या पाण्यातले शार्क आणि चीनने तिथे पनामाला टक्कर देणारा कालवा खणलाय. वाचायला भारी वाटतं, पण निम्मं चूक आणि उरलेलं अर्धवट.

आधी राजधानी. स्पॅनिश काळात मनाग्वाला विचारत होतं कोण? 1524 मध्ये वसवली ती लेओन आणि ग्रनादा. स्वातंत्र्यानंतर लेओनचे लिबरल आणि ग्रनादाचे कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्यात इतकी खुन्नस की राजधानी कधी इकडे तर कधी तिकडे, शेवटी 1852 मध्ये दोघांच्या मधल्या मनाग्वाला देऊन तोडगा काढला. आणि आजचं लेओनसुद्धा मूळ जागेवर नाहीये बरं का, जुनं गाव मोमोतोम्बो ज्वालामुखीजवळ होतं, 1610 मध्ये ते सोडून लोक इकडे आले.

पत्त्यांचं म्हणाल तर पत्ते असतात, फक्त आपल्यासारखे घर नंबर आणि रस्त्याचं नाव असे नसतात. "जिथे ते छोटं झाड होतं तिथून दोन ब्लॉक तलावाकडे, एक ब्लॉक वर". तलावाकडे म्हणजे शहराला लागून असलेल्या मनाग्वा तलावाकडे, उत्तरेला, वर म्हणजे सूर्य उगवतो ती पूर्व आणि खाली म्हणजे पश्चिम. झाड जाऊन जमाना झाला, 1972 च्या भूकंपात शहराचा मधला भागच आडवा झाला, पण खुणा लोकांच्या तोंडी तशाच राहिल्या. टॅक्सीवाल्याला बरोबर कळतं.

आता "एकाच साच्यातला देश", यावर मात्र मला जरा जास्तच बोलायचंय कारण फॉरवर्डवाल्याने नकाशाचा उजवा अर्धा भाग बघितलेलाच दिसत नाही. ज्वालामुखींची रांग, दोन मोठे तलाव, वर सांगितलेली शहरं, देशाची बहुतेक वस्ती, हे सगळं पॅसिफिकच्या बाजूला. मध्ये मातागाल्पा, हिनोतेगाचे कॉफीचे डोंगर. आणि त्यांच्या पलीकडे कॅरिबियन किनारा, क्षेत्रफळाने जवळजवळ निम्मा देश, तुफान पाऊस, जंगल, नद्या आणि माणसं तुरळक. हा किनारा स्पेनच्या हातात कधी नीट आलाच नाही, तिथे मिस्कितो या मूळनिवासी लोकांचे राजे होते आणि त्यांच्या पाठीशी ब्रिटिश. 1860 च्या तहाने ब्रिटनने हक्क सोडला पण निकाराग्वाने तो भाग खऱ्या अर्थाने ताब्यात घेतला 1894 मध्ये, तोही सैन्य घुसवून. म्हणून तिथल्या ब्लूफील्ड्स शहरात आजही क्रिओल (आफ्रिकी वंशाच्या) लोकांची इंग्लिश ऐकू येते, चर्च मोराव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचं, मे महिन्यात पालो दे मायोचा नाच आणि जेवणात नारळाच्या दुधातलं मासे-कंदांचं रोन्दोन. उत्तरेला बिल्वी शहराकडे मिस्कितो भाषा बोलतात. 1987 पासून या पट्ट्याला कायद्याने स्वायत्तताही आहे (कागदावर किती आणि खरी किती हा वेगळाच वाद). आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत मनाग्वाहून ब्लूफील्ड्सला थेट रस्ताच नव्हता, बसने एल रामापर्यंत जायचं आणि तिथून पुढे रिओ एस्कोंदिदो नदीतून पांगा नावाच्या मोटरबोटीने. याला एकाच साच्यातला देश म्हणायचं?

शार्क. निकाराग्वा तलावातले हे बुल शार्क आहेत, जगभरच्या कोमट समुद्रात असतात आणि नद्यांतही शिरतात. पूर्वी शास्त्रज्ञांनाही ती वेगळी जात वाटायची, मग टॅग लावून पाहिलं तर कळलं की सान हुआन नदीतून, म्हणजे सुमारे 190 किमी वर चढून, ते कॅरिबियनमधून तलावात ये-जा करतात. तेव्हा "कुठेच नाहीत" हे साफ चूक. उलट मासेमारीने इतके संपवले की आता तलावात दिसणंच दुर्मिळ, आणि हे मात्र फॉरवर्डमध्ये नाही.

राहिला कालवा. तो खणलेलाच नाही! 2013 मध्ये एका चिनी उद्योगपतीच्या कंपनीला परवाना दिला, 2014 च्या डिसेंबरमध्ये उद्घाटनाचा गाजावाजा झाला, थोडेफार रस्ते वगैरे झाले आणि गाडं तिथेच अडकलं, 2024 मध्ये संसदेने परवाना रद्दही केला. ती कंपनी खाजगी होती, चीन सरकारची नव्हे. आणि ठरलेला मार्ग निकाराग्वा तलाव ओलांडून पूर्वेला रामा या मूळनिवासी आणि क्रिओल लोकांच्या सामाईक जमिनीतून जाणार होता, ते लोक याविरुद्ध कोर्टात गेले होते. फॉरवर्डच्या हिशेबाने तर ते देशात राहातच नाहीत.