'चार दिवसांत गोचीड परत' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने वाचून दाखवला. तुमच्या कुत्र्याला, ब्रूनोला, त्रास झाला, आमच्या गोचिडावरच्या तेलाचे तुमचे 240 रुपये पाण्यात गेल्यासारखे वाटले, त्याबद्दल माफी मागते. वासामुळे पाहुण्यांसमोर लाज वाटली असं लिहिलंय, त्याबद्दलही. कडुनिंब आणि करंज एकत्र आल्यावर घरात मोगरा फुलत नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

पण "चार दिवसांत गोचीड परत, घरगुती औषधाच्या नावाखाली फसवणूक" हे मात्र मनाला फार लागलं. फसवणूक हा शब्द आम्हाला अजून कुणी लावला नव्हता.

तुम्ही आलात शनिवारी संध्याकाळी. मी शटर अर्धं खाली ओढलं होतं, तुम्हाला बघून पुन्हा वर केलं. बिलावर 7 वाजून 52 मिनिटं अशी वेळ आहे. रिव्ह्यू बुधवारी दुपारी. बाटलीवर छापलंय की दर तिसऱ्या दिवशी लावा, निदान तीन आठवडे. शनिवारी रात्री एकदा आणि मंगळवारी एकदा, म्हणजे फार तर दोन हात झाले असतील. तेलही बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत लावलं का? गोचीड तिथेच दडतात. पाठीवर चोळून उपयोग नाही.

आणि "परत आले" म्हणजे तेच परत आले असं नसतं हो. अंगावर दिसतात ते थोडे, बाकी सगळा संसार घरात असतो. मादी रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगली की आपणहून खाली पडते. मग भिंतीची फट, दाराची चौकट, गोणपाटाची घडी, जिथे अंधार मिळेल तिथे शिरते आणि हजार-दोन हजार अंडी घालते, कधी त्याहूनही जास्त. त्यातून निघालेली पिल्लं कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. मोठं होईपर्यंत असं दोनदा, आणि मोठं झाल्यावर तिसऱ्यांदा चढतात. मधे महिनोन्‌महिने उपाशी राहूनही मरत नाहीत. तुम्ही शनिवारी काढलेत ते वेगळे, बुधवारी दिसले ते वेगळे. हे सगळं मी काउंटरवर सांगत होते तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होता. राग मानू नका, पण बोलत होता. "त्याचं गोणपाट टाकून द्या, फटी सिमेंटने बुजवा" म्हटलं, तर तुम्ही अंगठा वर केलात. मला वाटलं, कळलं.

"तेल पातळ करून विकतात" असंही लिहिलंय. हो, करतो. एक भाग कडुनिंब-करंज, नऊ भाग खोबरेल. नुसतं कडुनिंबाचं तेल चोपडलं तर कातडी लाल होते, आणि कुत्रं चाटतंच, मग पोटात गेलं की उलट्या. ब्रूनोच्या मानेवर चट्टे उठले म्हणता, पण आदल्या रात्री तुम्ही खोबरेलात कापूर कुस्करून लावला होता, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय मी. कापूर जनावराच्या पोटात जाणं चांगलं नाही.

आमचे सासरे गुरांचं बघायचे. गाईची कास सुजली की कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम यांचा लेप. एनडीडीबी, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळसुद्धा हेच सांगतं. आता लोक मोबाइलवर हे वाचतात आणि तोच लेप कुत्र्याच्या कानाला फासून येतात. चुना, कानाला! सीताफळाच्या बियांची पूड मागायलाही सारखं कुणी ना कुणी येतं. आम्ही ठेवत नाही. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. फसवायचंच असतं तर हे सगळं विकून मोकळे झालो नसतो का?

मांजरासाठी तेल दिलं नाही ही दुसरी तक्रार. नाही दिलं, उद्याही देणार नाही. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि त्याच्या यकृताला पुष्कळ गोष्टी झेपत नाहीत. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. हे सांगितलं, तर त्याला तुम्ही शिकवणी म्हणालात.

आमचे एकूण 19 रिव्ह्यू होते, 4.7 स्टार. तुमच्यानंतर 4.5. मोठ्या दुकानांना याचं काही वाटत नसेल, पण सांगलीत आमच्या गल्लीत माणूस हाच आकडा बघून वळतो किंवा सरळ पुढे जातो. लेबलवरचं अक्षर मोठं करायचं चाललंय, वासाचंही काहीतरी बघतो, आणि दुपारी दुकान उघडं ठेवायचं मनात आहे, मुलाची परीक्षा झाली की.

रिव्ह्यूच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, "आता तर नीट जेवतही नाही." ते वाचल्यावर बाकीचा राग बाजूला ठेवला. ताई, त्याचे ओठ वर करून हिरड्या बघा. पांढरट दिसल्या, अंग तापलेलं असलं, नाकातून रक्त आलं तर आजच्या आज डॉक्टरकडे न्या आणि रक्त तपासून घ्या. यातलं काही दिसलं नाही तरी जेवण सुटलंय, उद्या तरी दाखवाच. गोचीडताप कुठल्याही तेलाने जात नाही, आमच्याही नाही. गोचिडासाठी ते गोळी देतील किंवा मानेवर टाकायचं औषध देतील, ते घ्या आणि आमचं तेल बंद ठेवा.

उरलेली बाटली घेऊन या, 240 रुपये पूर्ण परत देते, बिल नसलं तरी चालेल. ब्रूनोला मात्र सध्या आणू नका. आमच्याही भिंतींना फटी आहेत.