चर्चा आपली, दप्तर कोणाचं?

बडोद्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर सध्या पुस्तकं बाजूला पडली आहेत. वाद एकाच गोष्टीवर चाललाय: व्हॉट्सॲपचा गट सोडून चर्चेसाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणतं? कट्टा मूळचा दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मंडळींचा, पण आता बरेच सभासद बाहेरगावी आहेत आणि काही माझ्यासारखे परदेशात. ज्येष्ठ म्हणतात, आहे ते बरं आहे. तरुण मंडळींना स्वतःचं ॲप बनवून हवंय, त्यात गुण, बॅज, लाइव्ह व्हिडिओ, एआयने काढलेला सारांश, सगळं. डिस्कोर्ससारखं चर्चेसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर (म्हणजे कुणालाही घेऊन वापरता, बदलता येणारं) स्वतःच्या सर्व्हरवर बसवा म्हणणारे आम्ही थोडेच.

मला हा वाद क्षुल्लक वाटत नाही. सक्तीचं शिक्षण बडोदे संस्थानात नेमकं कधी आणि कुठून सुरू झालं, असं मागे कट्ट्यावर कुणीतरी विचारलं होतं. एका निवृत्त सरांनी रात्री बसून उत्तर लिहिलं: १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात कायदा, आणि मधल्या वर्षांत आलेल्या अडचणी. सकाळी त्यावर सुप्रभातची फुलं आली, वाढदिवस आले, सूरसागर तलावाचे फोटो आले. काही महिन्यांनी एका नव्या मुलीने तोच प्रश्न विचारला तेव्हा ते उत्तर कुणालाच सापडेना. सरांनी पुन्हा लिहायला नकार दिला, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

हे बडोद्यात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून घेतलं ते नुसती पुस्तकं जमवायला नव्हे. बोर्डननी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, वर्गीकरणाची पद्धत आखली, माणसं शिकवून तयार केली. पेट्यांतून खेडोपाडी पुस्तकं नेणारी फिरती ग्रंथालयंही त्याच काळात सुरू झाली. पुस्तक असणं वेगळं आणि हवं तेव्हा हाती लागणं वेगळं, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

मी राहते त्या जर्मनीतल्या कील शहरात असाच वाद सरकारी पातळीवर चालू आहे. कील ही श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याची राजधानी. या राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत ४०,००० हून जास्त मेलपेट्या मुक्त सॉफ्टवेअरवर हलवल्या. आपल्या दप्तराची किल्ली परक्या कंपनीच्या हाती नको, हे त्यामागचं मुख्य कारण. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, अजून होतात. म्युनिक शहराने तर २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स या मुक्त प्रणालीकडे जायचं ठरवलं, दहा वर्षं खपून बदल पूर्ण केला आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. तेव्हा ‘तिकडे बघा, कसं करतात’ असं मी कट्ट्याला सांगणार नाही. किल्लीचा प्रश्न मात्र खरा आहे. गप्पा-चर्चांचं ऑर्कुट हे संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. याहू ग्रुप्स या चर्चागटांवरचा जुना मजकूर २०१९ अखेर काढून टाकला आणि पुढच्या वर्षी दुकानच आवरलं. परदेशातल्या मराठी माणसांनी तिथे वर्षानुवर्षं किती लिहिलं होतं! ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नाही त्यांचं गेलं.

व्हॉट्सॲपमधूनही गप्पा बाहेर काढता येतात, पण हाती येते ती एक लांबलचक टेक्स्ट फाइल. कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाचं, ते आपणच जुळवत बसायचं. शिवाय गटात शिरणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे फोन नंबर दिसतात. काही बायका एवढ्यासाठीच गटात येत नाहीत, ही गोष्ट बैठकीत कुणी काढत नाही म्हणून इथे लिहिते.

स्वतंत्र ॲपचा उत्साह मला समजतो, पण ते सांभाळणार कोण? अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांप्रमाणे ॲप सतत सुधारावं लागतं. दोन-तीन वर्षं कुणी हात लावला नाही तर नव्या फोनवाल्यांना ते प्ले स्टोअरवर मिळतही नाही. बनवणारा मुलगा तोवर पुण्याला नाहीतर कॅनडाला गेलेला असतो. डिस्कोर्स २०१३ पासून चालू आहे, जगभर वापरात आहे. एक-दोन जीबी मेमरीच्या साध्या सर्व्हरवर ते चालतं आणि सगळ्या मजकुराची प्रत हवी तेव्हा काढता येते. बॅज त्यातही आहेत, ते बंद ठेवावेत. गुण मोजायला लागलं की रोज दहा ओळी टाकणारा पुढे दिसतो आणि महिन्यातून एकदा अभ्यास करून लिहिणारे सर मागे पडतात. एआयच्या सारांशासाठी आपलं लिखाण बहुधा बाहेरच्या कंपनीकडे पाठवावं लागेल. सभासदांना विचारल्याशिवाय ते करू नये.

मी खरी कसोटी लावीन ती शोधाची. ‘कारभाऱ्यांची’ हा शब्द घ्या. एका कीबोर्डवर त्यातलं ऱ हे स्वतंत्र अक्षर म्हणून उमटतं, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह मिळून तोच आकार होतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडणार नाही, असं होऊ शकतं. ‘ग्रंथालय’ शोधून ‘ग्रंथालयात’ मिळेल, पण ‘वाडा’ शोधून ‘वाड्यात’ मिळेलच असं नाही. डिस्कोर्सही यातून आपोआप सुटत नाही, तिथे कुणाला तरी बसून काम करावं लागेल. लाइव्ह व्हिडिओवर जाणारे पैसे इथे घाला, असं माझं म्हणणं आहे. आणि आपली मुलं गुजराती लिपीत मराठी लिहितात, त्यांनाही लिहू द्या. लिपीची अट घातली तर ती येणारच नाहीत.

ज्येष्ठांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नवा पासवर्ड, नवी खिडकी, नवे नियम त्यांनी का शिकावेत? डिस्कोर्समध्ये आलेल्या मेललाच उत्तर दिलं की ते चर्चेत जाऊन बसेल अशी सोय करता येते, पण मेल तरी किती जण रोज उघडतात? म्हणून व्हॉट्सॲप मोडू नये. बैठकीची तारीख, आजारपण, निधनवार्ता तिथेच राहू दे, फक्त वादाचं आणि अभ्यासाचं लिखाण हलवू. कीलमध्ये माझ्या सत्तरीच्या शेजारणीला फोनवरची नवी गोष्ट शिकायला वर्गात नाव घालावं लागलं. बडोद्यात सूनबाई किंवा वरच्या मजल्यावरचा मुलगा ते चहा होईस्तोवर दाखवतो. हे बळ मला कीलमध्ये दिसत नाही, आणि कट्ट्याने त्यावरच भिस्त ठेवावी.

पुढच्या बैठकीत मत घेण्याआधी आपल्याच दहा जुन्या चर्चा डिस्कोर्समध्ये घालून बघा. सरांचं अमरेलीचं उत्तर, कुणाच्या फोनमध्ये उरलं असेल तर, त्यात हवंच. मग सगळं उतरवून दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा उभं राहतं का तेही तपासा. सर्व्हर आणि डोमेन कट्ट्याच्या नावावर घ्या, पासवर्ड बडोद्यात राहणाऱ्या दोघांकडे ठेवा. पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही परदेशातले करू. पासवर्ड आमच्याकडे नको.