कोकणातली हिरवळ पावसावर सोपवता येत नाही

आगोटीच्या दिवसांत एक संदेश गोल्फ मैदानांवर काम करणाऱ्यांच्या आणि बंगल्याभोवती हिरवळ राखणाऱ्यांच्या गटांतून फिरतो आहे. त्याचा आशय असा: कोकणात पाऊसच मीठ धुतो आणि हिरवळ सांभाळतो, सड्यावरचे गवत कोणी न राखता हिरवेगार होते हाच त्याचा पुरावा, म्हणून मिरगाआधी भरपूर युरिया टाकावा, गवत मुळालगत कापून ठेवावे आणि दसऱ्यापर्यंत मैदानाकडे पाहू नये. पाऊस सरला की समुद्रकाठची वाळू पसरावी, थंडीत राय गवताचे बी पेरावे आणि उन्हाळ्यात रोज संध्याकाळी थोडे थोडे पाणी द्यावे. कोकणपट्टीत हिरवळीची कामे करणारा माणूस म्हणून मला या सल्ल्याची काळजी वाटते, कारण तो तंतोतंत पाळला तर चांगले मैदान एका हंगामात उघडे पडेल.

सड्याचा दाखला आधी पाहू. कातळावरच्या पातळ मातीत उगवणारे गवत बहुतांशी एका हंगामाचे असते. ते बेफाम वाढते, बी धरते आणि पाऊस गेल्यावर वाळून पिवळे पडते. त्याला चार मिलिमीटरवर कोणी कापत नाही आणि त्याच्यावरून रोज माणसे चालत नाहीत. गोल्फच्या मैदानावर बहुधा हरळी असते, किंवा ग्रीनवर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायच्या बारीक कापलेल्या तुकड्यावर, टिफड्वार्फसारखी तिची बुटकी संकरित जात असते. हरळी कडक उन्हाची आहे. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि जुलैत आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. त्या काळात हरळीला पाणी मुबलक मिळते, पण तिची उपासमार होते ती प्रकाशाची आणि मुळाशी लागणाऱ्या हवेची. पाती लांब, बारीक आणि लुसलुशीत होतात, मुळे आखडतात, आणि जिथे पाण्याचा निचरा होत नाही तिथे माती उकरल्यावर काळा थर लागतो व त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वरून मैदान हिरवे दिसत असतानाच हे खाली घडत असते, म्हणून पावसाळा हाच कोकणातल्या हिरवळीचा सर्वांत नाजूक काळ मानावा लागतो.

मुळालगत कापण्याचा सल्ला म्हणूनच सर्वांत घातक आहे. प्रकाश कमी असताना गवताजवळ पान जास्त हवे, कारण अन्न पानात तयार होते. ग्रीन उन्हाळ्यात चार मिलिमीटरवर असेल तर पावसाळ्यात ती पाचवर न्यावी, आणि फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे जाणारे लांब पट्टे, बारावर असतील तर त्यांना पंधरा ते अठरापर्यंत उंच ठेवावे. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये, हा या कामातला जुना आणि खरा नियम आहे. दोन महिने न पाहता वाढू दिलेले गवत एकदम खाली आणले तर फक्त तपकिरी काड्या उरतात, आणि मोकळ्या जागेत शेवाळ व लव्हाळा घुसतात. लव्हाळ्याचे कंद एकदा मातीत बसले की वरची पाती उपटून काहीच साधत नाही. पाय ठेवल्यावर पाणी वर येत असेल त्या दिवशी यंत्र फिरवू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. चाकांच्या खुणा दिवाळीपर्यंत जात नाहीत. उघडीप मिळताच हाताने ढकलायच्या हलक्या यंत्राने, धारदार पात्याने आणि थोडेच कापावे.

युरियात ४६ टक्के नत्र असते आणि युरिया पाण्यात सहज विरघळतो. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर वाळूवर बांधलेल्या ग्रीनमधून त्याचा मोठा भाग मुळांना मिळण्याआधीच वाहून जातो, आणि तो ओढ्यातून खाडीत किंवा शेजारच्या विहिरीत जातो याची मला जास्त चिंता आहे. जे नत्र उरते ते नेमके ढगाळ हवेत लुसलुशीत पाने वाढवते आणि त्यांच्यावर बुरशी लवकर बसते. आपला भातशेतकरी नत्र हप्त्याहप्त्याने देतो किंवा युरियाच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, चिखलात खोचतो, ते याच कारणासाठी. हिरवळीलाही उघडीप पाहून दर चौरस मीटरला दोन-तीन ग्रॅम नत्र पुरते. पावसाआधी द्यायचे असेल तर पालाशाकडे लक्ष द्यावे, आणि जांभ्याची माती आम्ल असल्यामुळे व ती स्फुरद धरून ठेवत असल्यामुळे आधी मातीपरीक्षण करून घ्यावे.

समुद्रकाठच्या वाळूत मीठ असते, शिंपल्यांचा चुना असतो आणि तिचे कण पुष्कळदा बारीक व एकसारखे असतात. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या आणि आजही आधार मानल्या जाणाऱ्या ग्रीनच्या रचनेत सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर खडीवर बसवतात, आणि त्या वाळूचे निदान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरचे लागतात. वर पसरायची वाळू खालच्या थराशी जुळली नाही तर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडते. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. योग्य वाळू धुऊन, चाळून, पातळ थरात पसरावी. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या उन्हात गवत जोमात असताना यंत्राच्या पोकळ दातांनी भोके पाडून ती आत झाडावी, म्हणजे पावसाने घट्ट झालेली जमीन मोकळी होते.

थंडीत हिरव्या राहणाऱ्या राय गवताची पेरणी उत्तरेकडे करतात, कारण तिथे थंडीत हरळी झोपते. आपल्या किनाऱ्यावर तेवढी थंडी पडत नाही. इथे जानेवारीत हरळी पिवळी दिसली तर बहुधा पाणी किंवा खत कमी पडलेले असते.

संध्याकाळच्या शिडकाव्याने पाती रात्रभर ओली राहतात आणि मुळे वरच्या दोन बोटे मातीतच फिरत राहतात. पाणी पहाटे, एक-दोन दिवसांआड आणि खोलवर मुरेल असे द्यावे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. पाचशे चौरस मीटरच्या ग्रीनला पाच मिलिमीटर द्यायचे तर अडीच हजार लिटर लागतात, आणि हा हिशेब टाकीशी ताडून पाहावा. खाडीजवळच्या बोअरचे पाणी एप्रिल-मेमध्ये खारट होते, तेव्हा त्याची क्षारता तपासावी. ते सतत खारटच असेल तर हरळीऐवजी खारे पाणी अधिक सोसणारे पास्पालम गवत लावण्याचा विचार करावा.

संदेशातली एक गोष्ट खरी आहे: उन्हाळाभर साठलेले मीठ पहिला पाऊस धुऊन नेतो. परंतु त्यासाठी पाण्याला बाहेर पडायची वाट लागते, म्हणून मेमध्येच चर उपसावेत, नळ्यांची तोंडे साफ करावीत आणि एखाद्या ग्रीनवर पाण्याची धार सोडून ती दुसऱ्या टोकाला खरेच बाहेर पडते का, ते उभे राहून पाहावे.