गेममधली मजा नशेची नाही, सोबतीची आहे

"मल्टीप्लेअर गेममध्ये मजा नसतेच, ती डिजिटल दारू आहे, पोरगं एकटं पडतं, मारामारी शिकतं आणि पैसे उडवतं" असा लांबलचक मेसेज सध्या जळगाव-भुसावळकडच्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. आमच्या आत्याने तो वाचला आणि आतेभावाचा फोन सरळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणून हे लिहितोय.

आधी ते "एकटं पडतं". लिहिणाऱ्याने चार पोरांना बीजीएमआय, म्हणजे टीम करून लढायचा मोबाइलवरचा गेम, खेळताना कधी ऐकलंय का? एक जण नॉक होऊन, म्हणजे गोळी लागून पडून, रांगतोय, "भो, मले उचल ना, आधी स्मोक टाक" म्हणून ओरडतोय, दुसरा धूर करतोय, तिसरा कव्हर देतोय, चौथा समोरचे कुठल्या घरात घुसले ते सांगतोय, आणि उचलायला थांबलो तर आपणही मरू हे माहीत असूनही कुणीतरी थांबतंच. मजा तिथे आहे. आतेभावाच्या स्क्वाडमधला, म्हणजे टीममधला, एक पुण्याला होस्टेलवर, एक सुरतला, यांची रोजची भेट इथेच होते आणि हा मेसेज म्हणतो एकटं पडतं!

अमंग अस घ्या, आपल्यातच लपलेला मारेकरी बोलण्यावरून ओळखायचा गेम. त्यात काम काय, तर वायरी जोडा, कार्ड घासा, एकट्याला दिलं तर पाच मिनिटांत कंटाळा. २०१८ ला आला तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरात अडकले आणि तोच गेम जगभर गाजला. चुलतभाऊ "मी नाही मारलं" म्हणताना त्याचा आवाज बदलतो, तो पकडायची मजा कॉम्प्युटर देऊच शकत नाही. शेतातली भरीत पार्टी एकट्याने करून बघा, तसंच ते.

हे माझ्या मनचं नाही. रायन, रिग्बी आणि प्रझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये माणूस गेममध्ये का रमतो यावर पेपर लिहिला. आपल्या मनाने ठरवता येणं, हळूहळू जमत जाणं, आणि ऑनलाइन बरेच जण मिळून खेळतात तिथे माणसांशी जुळणं, यातून मजा येते असं त्यांना दिसलं.

मारामारीचं म्हणाल तर लुडोतही सोंगटी मारतातच, पुढे चला.

व्यसनाचं थोडं खरं आहे, मान्य करावंच लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटून अभ्यास, घर, झोप सगळ्याचं वाटोळं व्हावं लागतं, तेही साधारण वर्षभर. संध्याकाळी दोन मॅच खेळला म्हणजे आजारी नाही. आणि पैसे लावायची रमी-बिमी अ‍ॅप्स वेगळी, त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे गेमच्या स्पर्धा, मात्र वेगळे धरलेत. मेसेजवाल्याने सगळं एकाच पोत्यात भरलं.

आत्याला एवढंच सांगितलं, रात्री दहाची वेळ ठरव, बिनधास्त ठरव, पण मॅच चालू असताना फोन हिसकू नको, ती मध्येच थांबवता येत नाही आणि बाकीचे तिघं एक माणूस कमी घेऊन लढत बसतात.