टॉकबॉक्स-व्होकोडरला बासरीचा टोन? तो मेसेज पुढं पाठवू नका

बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या कीबोर्डवाल्यांच्या ग्रुपांवर गणपतीच्या आधी एक मेसेज फिरतोय, की टॉकबॉक्स आणि व्होकोडर (सिंथच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या टोनला बोलायला लावणारी यंत्रं) एकच, आणि दोन्हीला बासरीसारखा मऊ टोन लावला की शब्द स्पष्ट येतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

व्होकोडर माइकमधल्या आवाजाचे खालपासून वरपर्यंत पट्टे करतो, कुठल्या पट्ट्यात किती जोर आहे ते मोजून तेवढाच सिंथच्या टोनचा तो पट्टा उघडतो. आता बासरीच्या टोनमध्ये वरचे हार्मोनिक्सच (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर) कमी, मग उघडणार काय? "गणपती बाप्पा मोरया" म्हटलं तरी नुसतं ऊऊ ऐकू येतं. म्हणून हार्मोनिक्सनं भरलेला सॉ वेव्हचा टोन घ्या, नाहीतर पल्सचा, वरचा आवाज कापणारा फिल्टर उघडा ठेवा, कॉर्ड वाजवा, आणि स, श, च साठी थोडा नॉइज मिसळा, कारण ही अक्षरं म्हणजे मुळात हवेचा सरसर आवाजच.

टॉकबॉक्समध्ये असले पट्टे नसतातच. ड्रायव्हरचा (आतल्या स्पीकरचा) आवाज नळीतून तोंडात जातो, तोंडच फिल्टर, गळ्यातून गायचं नसतं, फक्त ओठ-जीभ हलवायची. तिथंही सॉ-पल्सच, पण बहुतेक वेळा एकेक सूर, आणि खालचा बेस कापून टाका, नाहीतर ड्रायव्हर जातो.

खात्री करायचीय तर व्होकोडरवर सॉ लावा, सिंथचा कटऑफ (फिल्टर कुठून वर कापतो ते) पूर्ण बंद करून बोलत बोलत हळूहळू उघडा, शब्द कुठं सुटे होतात ते कानाला लगेच कळतं. नवीन पोरं तो मेसेज वाचून चुकीचे पॅच (टोनची सेटिंग) सेव्ह करतायत, तेव्हा तो थांबवा आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हे कळवा.